आश्रुबाचं लॉगिन

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सेलूला आले आणि आल्या आल्या मला एसीवाली खोली मिळाली. राहायची नव्हे, कामाची. राहायची खोली स्टेशनजवळ आहे, तिथला पंखा त्याच्या मनात येईल तेव्हाच फिरतो. पण जिनिंगमधला सर्व्हर तापू नये म्हणून शेठजींनी एसी बसवलाय आणि सर्व्हरच्या पुण्याईनं तो मलाही लागतो. परभणीला पपांना फोन करून हे सांगितलं, तर म्हणाले, माधवी, तुला यंत्राच्या बरोबरीचा मान मिळाला म्हण की! सगळी हयात मास्तरकी केलेला माणूस, टोमणा मारल्याशिवाय आनंद व्हायचा नाही.

जिनिंग गावाबाहेर आहे. इथे कापूस येतो, त्यातली सरकी वेगळी काढतात आणि उरलेल्या रुईची गठाण दाबून, तारेनं बांधून बाहेर पाठवतात. गेल्या हंगामात वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, काटा बंद पडला आणि कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली. शेतकऱ्यांनी मॅनेजर व्यंकटरावांची कॉलर धरली म्हणे. तेव्हा शेठजींना कळलं की कॉम्प्युटरांच्या जाळ्यालाही राखणदार लागतो. तो राखणदार म्हणजे मी.

आणि जाळं तरी काय वर्णावं! एक केबल लिंबाच्या झाडाला सुतळीनं बांधलेली. स्विचवर रुई बसू नये म्हणून त्याला साडीच्या दुकानाची पिशवी घातलेली, बिचारा आत उकडून अर्धमेला झालेला. राऊटर देवाच्या फळीवर आणि त्याच्या अँटिनावर उदबत्तीची राख. आधी कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसले. इतकं बिघडलेलं काम हाताला लागणं ही चैनच आहे, काहीही केलं तरी सुधारणाच दिसणार.

रुई मात्र सगळीकडे. चहात, केसांत, या वहीच्या पानांतसुद्धा. उद्यापासून डोक्याला ओढणी बांधून जाणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सगळं जिनिंग पायाखाली घातलं. वैजीनाथनं फिरवून दाखवलं. हा प्रेस चालवतो, तिशीच्या आतबाहेरचा, लाजरा आणि हसरा. बायको पिंकी पहिलटकरीण, दिवस भरत आलेत, आणि हे तो पाच मिनिटांच्या आत कुणालाही सांगतो.

प्रेस म्हणजे इथला राजा. लोखंडाची उभी पेटी, माणूस आत उभा राहील एवढी. वरून रुई पडते, दट्ट्या खाली येतो, दाबतो, परत वर जातो. पेटी भरली की खालून आणखी जोर लागतो, मग दारं उघडतात आणि मुंजाजी व त्याचे जोडीदार फटींतून हात घालून दाबलेल्या रुईला तारा बांधतात. ते हात आत असताना दट्ट्या हलला तर काय होईल, हे मी विचारलंच. वैजीनाथ म्हणाला की मॅडम, आजवर कवा हालला न्हाई.

प्रेसशेजारी पॅनेल आहे. त्यावर नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. ही सोय चांगली. पण वैजीनाथनं पाळी सुरू करताना स्वतःचं नाव टाकलंच नाही. आश्रुबा असं टाकलं, आणि मग सगळ्यांनी पॅनेलला हात लावून तो कपाळाला लावला. झाडणाऱ्या धुरपदाबाई तर डोळे मिटून उभ्या होत्या. मला वाटलं, आश्रुबा नावाचा कुणी देव असेल या बाजूचा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आश्रुबा देव नाही. तो इथला जुना प्रेसवाला होता आणि मेलाय. काही वर्षांपूर्वी याच पेटीत, आत अडकलेली रुई काढायला उतरलेला असताना. बाहेर त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या भागवतनं आपलं नाव टाकलं आणि यंत्र सुरू केलं. आत कुणी आहे हे त्याला माहीत नव्हतं. हाच भागवत आज इथला इलेक्ट्रिशियन आहे आणि धुरपदाबाई आश्रुबाची बायको. दोघं रोज एकाच छपराखाली काम करतात.

तेव्हापासून प्रेस कुणीही आपल्या नावानं सुरू करत नाही. पाळी कुणाचीही असो, नाव आश्रुबाचं. पासवर्ड धुरपदा. हा पासवर्ड हमालांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ!

माझं तर डोकंच फिरलं. दुःख समजू शकते मी, पण मेलेल्या माणसाच्या नावानं एवढं धोकादायक यंत्र चालवायचं? उद्या काही झालं तर कुणी चालवलं हे कळणार कसं? परदेशात गठाणी घेणारे व्यापारी तपासणीला येतात, त्यांनी हे बघितलं तर कुलूप लागेल. व्यंकटरावांना तसं स्पष्ट सांगितलं. ते टाळाटाळ करत म्हणाले की तुमी म्हणता ते खरं हाय, पण ह्या एका गोष्टीला हात लावू नका. मी शेठजींना फोन लावला. शेठजी म्हणाले, लावा हात.

आमच्या घरात भूतबाधा, अंगारेधुपारे यांना उंबरठ्याबाहेर ठेवलंय, आज्ज्यानं दीक्षा घेतली तेव्हापासून. त्या घरची लेक अशा गोष्टींना घाबरणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज आश्रुबाचं लॉगिन काढून टाकलं. प्रेसच्या प्रत्येक माणसाला त्याचं त्याचं नाव आणि त्याचा त्याचा पासवर्ड दिला. शिवाय काही अपघात झाला तर त्या वेळी पॅनेलवर कुणाचं नाव होतं, याचा अहवाल आपोआप शेठजींना आणि व्यंकटरावांना जाईल अशी सोय केली. नेटकं काम झालं.

लोक मात्र रुसले. पाळी सुरू करायची वेळ आली तर कुणी पुढे होईना. शेवटी वैजीनाथला मीच पुढे केलं. त्याला म्हटलं, उद्या बाप होणारा माणूस तू, आपल्या नावाला काय भितोस? तो पॅनेलपुढे घुटमळला, घाम पुसला. मग मीच त्याचं नाव टाकलं आणि पासवर्ड टाकायला त्याचा हात धरून बटणांवर नेला. यंत्र सुरू झालं. काहीही झालं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जिंकल्यासारखी हसले.

धुरपदाबाई झाडू टाकून निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या की बाई, त्याला आमी बाहीर बसवलं होतं, तुमी पुन्ना आत ढकललं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुंजाजीचा उजवा हात गेला.

सकाळची दुसरी गठाण होती. दारं उघडली, त्यानं तार ओवायला फटीत हात घातला आणि दट्ट्या खाली आला. वैजीनाथ पॅनेलपाशी नव्हता, तार आणायला गेला होता. मी धावत गेले तेव्हा मुंजाजी यंत्राला चिकटून उभा होता, तोंड उघडं आणि आवाज नाही. दट्ट्या वर गेला तेव्हा हात बाहेर आला. मनगटाच्या पुढे फक्त कातड्याची चिरगुटं होती. पांढऱ्या रुईवर रक्त इतकं भडक दिसतं हे मला माहीत नव्हतं.

त्याला जीपमध्ये घालून परभणीला नेलं. अहवाल आपोआप गेला. त्यात लिहिलंय की दट्ट्या वैजीनाथच्या नावानं खाली आला. वैजीनाथ माझ्यासमोर रडला, आईची शपथ घेऊन म्हणाला की मी बटन दाबलं न्हाई. मला ठाऊक आहे. मी त्याला तारांच्या ढिगाकडे जाताना पाहिलं होतं.

म्हणजे बाहेरून कुणीतरी जाळ्यात शिरलंय. आधी वजनकाटा, आता प्रेस. असं करणाऱ्या माणसाला मी सोडणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर शोध. इंटरनेट बंद केलं. प्रेसचं जाळं ऑफिसच्या जाळ्यापासून तोडलं. राऊटर, स्विच, कॅमेरे, एकेक यंत्र काढून तपासलं. सगळे पासवर्ड बदलले. बाहेरून कुणी आल्याची एकही खूण नाही. शेवटी प्रेसच्या पॅनेलची केबलच उपटून हातात घेतली आणि तिचं टोक व्यंकटरावांना दाखवलं, म्हटलं, आता परमेश्वरालाही आत शिरता येणार नाही.

केबल माझ्या हातात असताना सर्व्हरवर नोंद आली. प्रेस तयार. चालक वैजीनाथ. ज्या तारेतून ती नोंद यायची ती तार मी मुठीत धरून उभी होते.

माझ्या समजुतीत काहीतरी चूक असणार, यंत्रात जुनी नोंद अडकून राहिली असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिलं तर डोकं ठिकाणावर राहील.

भागवत म्हणाला की पेटीच्या आतल्या बटनात दोष असंल, मी उतरून बघतो. मी नको म्हटलं. त्यानं मेन स्विच पाडला. फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घातले. स्विचच्या डब्याला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. भर दुपार होती, आम्ही सगळे भोवती उभे होतो. वैजीनाथ माझ्या शेजारी, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. भागवत पेटीत उतरला आणि आतून एकदा हसलासुद्धा, म्हणाला की हितं तर लय गार हाय.

मग पॅनेल लागलं. वीज नसताना. त्यावर वैजीनाथचं नाव आलं आणि पेटीचं दार आपणहून लागायला लागलं.

भागवत ओरडला. त्यानं दाराच्या फटीतून दोन्ही हात बाहेर काढले. वैजीनाथ धावला, ते हात धरले आणि पाय दाराला लावून ओढायला लागला. मी वैजीनाथच्या कमरेला धरून ओढत होते. आतून भागवत नाव घेत होता. आश्रुबादादा, आश्रुबादादा, माफ करा, असं. दट्ट्या खाली आला. त्याचा आवाज मी लिहिणार नाही. आम्ही दोघं एकदम मागे पडलो, कारण ओढ संपली होती. भागवतचे हात वैजीनाथच्या हातांत होते. फक्त हात.

दट्ट्या थांबला नाही. वर, खाली, वर, खाली. रुई पडत राहिली. मग दारं उघडली आणि गठाण बाहेर आली, चौकोनी, चोपून बांधलेली. तारा कुणीही बांधल्या नव्हत्या. एका कोपऱ्यातून लाल ओघळ येत होता.

अहवाल गेला. आपोआप. चालक वैजीनाथ.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पोलीस काल पंचनामा करून प्रेसला सील ठोकून गेले. आज सकाळी भागवतचे भाऊबंद आले. त्यांच्यापुढे व्यंकटरावांनी माझा अहवाल मोठ्यानं वाचला. शेठजींवर काही येऊ नये म्हणून. मी ओरडून सांगत होते की वैजीनाथ माझ्या शेजारी उभा होता, त्यानं भागवतला वाचवायचा जीव तोडून प्रयत्न केला. कुणीतरी विचारलं की मग बाई, तुमचं मशीन खोटं बोलायलंय का?

मी परत तेच ओरडत राहिले.

त्यांनी वैजीनाथला कापसाच्या ढिगावर पाडलं. लाकडी दांडे होते, एकाकडे लोखंडी पहार. त्याचा जबडा मोडला तो आवाज मला ऐकू आला. मी मध्ये पडले, खांद्यावर एक दांडा बसला, डावा हात वर होत नाही. वैजीनाथ एकदाही ओरडला नाही. रक्तानं भिजलेला कापूस चावत पडून राहिला. पोलिसांनी येऊन सोडवला. पहार पायावर बसण्याऐवजी डोक्यावर बसली असती तर आजच संपला असता.

हे सगळं मी केलं. त्याचा हात धरून मीच त्या बटणांवर नेला. मला स्वतःची घृणा वाटते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वैजीनाथला मलमपट्टी करून घरी सोडलंय, चौकशी होईपर्यंत. आज गेले होते. पिंकी दारातच रडायला लागली. तिनं त्याचा सदरा वर करून दाखवला. छातीपासून पोटापर्यंत आडवे वळ आहेत, एकसारख्या अंतरावर, तारेच्या जाडीचे. गठाणीवर असतात तसे. मारहाणीचे नाहीत ते. पिंकी म्हणाली की रोज एक वाढायलाय, आन् घट्ट व्हायलाय. श्वास घेताना त्याच्या बरगड्या कुरकुरतात. पहाटे त्याच्या तोंडातून तिनं रुई काढली, बोळेच्या बोळे, रक्तात भिजलेली.

प्रेस सील आहे. त्याची वीज तोडलेली आहे. तरीही.

तिथून तशीच धुरपदाबाईंकडे गेले. त्यांचे पाय धरले. पपांच्या पोरीनं पाय धरले, असो. त्यांनी रागानं नाही, दमल्यासारखं सांगितलं. तो पेटीत मेला तवा पॅनेलवर दुसऱ्याचं नाव होतं. तेवढंच त्याला कळतंय. ज्याचं नाव पाटीवर, त्यानंच बटन दाबलं, त्याला सोडायचं न्हाई. जो मधी येईल त्यालाबी न्हाई. म्हणून समद्यांनी ठरवलं, पाटीवर त्याचंच नाव ठिवायचं. मग तो बाहीर ड्युटीवर ऱ्हातो, आत न्हाई. इतकी वर्सं निभावलं.

मी विचारलं, त्याचं नाव परत टाकलं तर? त्या म्हणाल्या की तुमी पुसलंय, तुमीच बगा.

म्हणजे वैजीनाथ मरणार, जोवर त्याचं नाव तिथे आहे तोवर. ते काढायचं. बस, एवढंच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वैजीनाथचं नाव पुसलं. पान नवीन उघडलं की परत आहे. सर्व्हर बंद करून चालू केला. परत आहे. सर्व्हरची केबल काढली, बॅटरी काढली. काळ्या पडद्यावर नाव आहे.

जुन्या बॅकअपमधून आश्रुबाचं लॉगिन परत आणलं. आलं! पासवर्ड टाकला, धुरपदा. उत्तर आलं, हे नाव दुसऱ्या ठिकाणी आधीच चालू आहे. कुठे, ते पाहिलं.

प्रेसच्या पेटीत. आत कॉम्प्युटर नाही. पॅनेल नाही. जाळ्याची एक तारसुद्धा आत जात नाही.

पिंकीचा फोन. वळ गळ्यापर्यंत आलाय. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले फुफ्फुसात काहीतरी भरलंय, कळत नाही. ती मला शिव्या देत होती. देऊ दे. मग एकदम विचारलं की ताई, लेकराला बाप बघायला मिळंल का?

मी हो म्हणाले.

२६ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

नाव पुसता येत नाही. पण बदलता येतं. पाळी बदलताना एकाचा ताबा दुसऱ्याकडे जातो, तेवढी एक वाट उघडी आहे. ती वाटही मीच ठेवली होती, सोयीसाठी.

कुणाचं टाकू? व्यंकटरावांचं मनात आलं. अहवाल वाचतानाचा त्यांचा आवाज आठवला आणि बोट तिथवर गेलंही.

नाही. त्यांना मारायचं तर मग मी कोण.

माझंच टाकते. पपांना फोन लावला. जेवलीस का, म्हणाले. हो म्हटलं.

दुपार

टाकलं. चालक माधवी.

लगेच पिंकीचा फोन! त्याला उलटी झाली, रुईचा मोठा गोळा पडला आणि त्यानं श्वास घेतला. वळ फिके व्हायलेत म्हणाली. डोळे उघडून पाणी मागितलं. मी ढसाढसा रडले. जिवंत आहे. वैजीनाथ जिवंत आहे. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता निघते. दार

सर्व्हरच्या खोलीचं दार उघडत नाही. बाहेरून ओढलंय कुणी? कडी तर आतून आहे, काढलीय मी.

एसी बंद पडला. त्याच्या जाळीतून रुई येतेय. थोडी. मऊ.

धुरपदाबाई बाहेर आहेत. दारावर दगड घालतायत. व्यंकटरावांना हाका मारतायत, पहार आणा म्हणून. पत्र्याचं साधं दार आहे हे, एका दणक्यात निघायला हवं. निघत नाही.

रुई गुडघ्यापर्यंत

खुर्चीवर चढले. खिडकीची काच फोडली कोपरानं, हात कापला. काचेमागे लोखंड आहे. कालपर्यंत तिथे लिंबाचं झाड होतं. आता लोखंड. तेल लावलेलं. गार.

छत खाली आलं. मला भास — नाही. छताच्या पंख्याची पाती वाकून माझ्या —

पडद्यावर विचारतोय. ताबा कुणाकडे द्यायचा? सगळी नावं समोर. वैजीनाथ पहिला. त्याच्या नावावर उजेड पडलाय. एक बटण दाबायचं. फक्त एक. मग मी बाहेर.

माझा हात गेला होता. खरं लिहिते, गेला होता. खांद्याचं हाड मोडलं आत्ता, आवाज झाला, आणि हात त्या बटणाकडेच गेला. आई गं. दुखणं असं असतं. जोर वाढला की मी दाबीन. मी माणूस आहे. दाबीनच मी.

म्हणून नावं पुसतेय. मुंजाजी, पुसला. व्यंकटराव, पुसले. बाकीची सगळी. ही पुसली जातायत, कारण ती पाटीवर नाहीत. वैजीनाथ राहिलाय. बोट हलत नाही, बोटावर काहीतरी — रुई तोंडात —

पुसला. पुसला! यादी रिकामी. आता मला वाटलं तरी कुणाला —

बाहेर अजून दगड घालतायत. धुरपदामावशी, जा. जो मधी येईल त्याला — जा ना

तार. कमरेला. दुसरी. कुणी बांधत नाही तरी

छत डोक्याला. मान वाकडी करून लिहिते. वैजीनाथ, लेकराला —

छत परत वर गेलं. वर गेलं! आता खाली ये